डीन स्विफ्टचा हिशेब

स्मरणिकेत बहुतेक जण डबे, छड्या, गॅदरिंग आणि सहली यांवर लिहिणार हे उघड आहे, आणि ते वाचायला मलाही आवडेल. मी मात्र अशा माणसावर लिहिते आहे जो आपल्या शाळेत कधी आला नाही. येणं शक्यही नव्हतं, कारण तो 1745 साली वारला. तरी दहावीच्या वर्षी, पोर्शन संपल्यानंतरच्या दिवसांत, तो आपल्या वर्गात होता. जोनाथन स्विफ्ट. गाडी नव्हे, गलिव्हरवाला.

गलिव्हर आपल्याला आधीच ठाऊक होता. दोऱ्यांनी जखडलेला धिप्पाड माणूस आणि त्याच्या छातीवर चढलेली इवलीशी माणसं, हे चित्र पाहिलं नाही असा आपल्यात कोणी नसेल. इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं की हे पुस्तक मुलांसाठी लिहिलेलंच नाही, चारपैकी दोनच सफरी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत आणि लिहिणारा माणूस भयंकर रागावलेला होता. पुढचं त्याचं चरित्र मी नंतर, नोकरी लागल्यावर, तुकड्यातुकड्यानं वाचलं. ते असं आहे.

स्विफ्टचा जन्म 30 नोव्हेंबर 1667 चा, डब्लिनचा. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. घरचे इंग्रज, मूल आयरिश भूमीवर जन्मलेलं, आणि सांभाळ काकांच्या पैशावर. या अधांतरीपणाचा त्याला आयुष्यभर राग होता. इंग्लंडमध्ये मोठं पद मिळावं ही त्याची धडपड आणि आयर्लंडमध्येच राहावं लागणं हे त्याचं नशीब. किल्केनीच्या शाळेतून तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि 1686 मध्ये त्याला पदवी मिळाली ती खास सवलतीनं. आपल्या भाषेत, ग्रेस देऊन. हे ऐकून मागच्या बाकांवर जे समाधान पसरलं होतं ते मला अजून दिसतं.

1689 मध्ये तो इंग्लंडला जाऊन सर विल्यम टेंपल या निवृत्त मुत्सद्द्याचा चिटणीस झाला. त्या घरात एस्थर जॉन्सन नावाची लहान मुलगी होती. स्विफ्टनं तिला लिहायला-वाचायला शिकवलं. पुढे जग तिला स्टेला म्हणून ओळखू लागलं, ते नाव त्यानंच दिलेलं. मोठी झाल्यावर ती डब्लिनला येऊन राहिली आणि मरेपर्यंत त्याची सर्वांत जवळची व्यक्ती ती होती. लग्न केल्याचं दोघांनी कधी जाहीर केलं नाही. व्हॅनेसा नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीला मात्र त्यानं बरीच वर्षं झुलवत ठेवलं आणि शेवटी तोडून टाकलं, असं माझं मत आहे. अभ्यासकांची मतं याहून सौम्य आहेत. त्याला संत करायची गरज नाही. तो चर्चचा कट्टर माणूस होता, वेगळ्या पंथाच्या प्रॉटेस्टंटांना समान हक्क देण्याच्या विरोधात होता.

थट्टेची सवय जुनी. 1708 मध्ये त्यानं आयझॅक बिकरस्टाफ या खोट्या नावानं एक भविष्य छापलं. पार्ट्रिज नावाचा पंचांगकर्ता 29 मार्चच्या रात्री तापानं मरेल, असं. ती तारीख उलटताच त्याच्या मृत्यूचा वृत्तांतही छापून टाकला. पार्ट्रिज जिवंत असल्याचं ओरडून सांगत राहिला आणि स्विफ्ट तो मेल्याचे पुरावे देत राहिला. हे ऐकून वर्ग खूप हसला होता. नंतर काय येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

लंडनच्या राजकारणात त्यानं काही वर्षं टोरी सरकारसाठी लेखणी चालवली. बक्षीस मिळालं ते 1713 मध्ये, डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या डीनपदाचं, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूचं. त्याला हवं होतं इंग्लंडमधलं काहीतरी. पुढच्याच वर्षी राणी ॲन वारली, सरकार पडलं आणि स्विफ्ट डब्लिनला परतला. वय 46. आपल्या बॅचचं आत्ताचं वय साधारण तेच, म्हणून सांगते: ज्यासाठी आपण त्याला ओळखतो ते जवळजवळ सगळं त्यानं यानंतर लिहिलं.

कारण आता रोज पायाखाली डब्लिन होतं. आयर्लंडमधून लोकरीचं कापड परदेशी पाठवायला 1699 च्या कायद्यानं बंदी होती. जमीनदार शेतसारा गोळा करून इंग्लंडमध्ये उडवत. कॅथलिक बहुसंख्य, आणि त्यांना जमीन, शिक्षण, पद सगळ्यालाच आडकाठी. 1720 मध्ये स्विफ्टनं सरळ भाषेत लिहिलं की आयरिश लोकांनी आपलंच कापड वापरावं. आपल्याला हे ऐकून स्वदेशी आठवते. त्या पत्रकाच्या मुद्रकावर खटला भरला गेला, आणि ज्यूरीनं निर्दोष म्हटलं तरी न्यायाधीशानं तिला नऊ वेळा परत धाडलं.

मग नाण्यांचं प्रकरण. विल्यम वूड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला होता. तो त्यानं राजाच्या मैत्रिणीला 10,000 पौंड देऊन मिळवला होता. आयरिश पार्लमेंटला कोणी विचारलंच नव्हतं. 1724 मध्ये स्विफ्टनं एका साध्या कापड दुकानदाराच्या नावानं पत्रं लिहिली: ही नाणी घेऊ नका. गंमत म्हणजे लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख तेव्हा आयझॅक न्यूटन होता. त्याच्या देखरेखीखाली नमुन्यांची तपासणी झाली आणि नाणी ठीक निघाली. पण प्रश्न तांब्याचा नव्हताच, संमतीचा होता. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला 300 पौंडांचं बक्षीस जाहीर झालं. दुकानदार कोण हे अख्ख्या डब्लिनला माहीत होतं. एकानंही बक्षीस घेतलं नाही. मुद्रक हार्डिंगला अटक झाली. 1725 मध्ये परवाना रद्द झाला.

त्याच्या लिहिण्याची एक पद्धत मला फार आवडते. त्याचा डब्लिनचा मुद्रक फॉकनर यानं ती नोंदवली आहे. मजकूर मोठ्यानं वाचला जाताना स्विफ्ट घरच्या दोन नोकरांना तिथे बसवी. एखादी गोष्ट त्यांना कळली नाही तर कळेपर्यंत ती बदली. आमच्या धंद्यात याला युजर टेस्टिंग म्हणतात आणि ते सहसा वेळ उरला तर करतात.

गलिव्हर आला 28 ऑक्टोबर 1726 ला, लंडनमध्ये, स्विफ्टच्या नावाशिवाय. हस्तलिखित दुसऱ्याच्या अक्षरात उतरवून गुपचूप पोचवलेलं. प्रकाशकानं घाबरून काही भाग बदलले. स्विफ्टच्या मनासारखी आवृत्ती फॉकनरनं 1735 मध्ये काढली. उडत्या बेटाविरुद्ध एक शहर बंड करतं आणि जिंकतं, हा मजकूर तर तिच्यातही आला नाही. तो छापला गेला 1899 मध्ये.

माझ्या क्षेत्राला या पुस्तकानं जे दिलं ते इथे सांगायलाच हवं. अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून लिलिपुटात युद्धं होतात. संगणकात मोठी संख्या साठवताना आधी कुठल्या टोकाचा बाइट ठेवायचा, यावरून इंजिनियर भांडत होते. 1980 मध्ये डॅनी कोहेन यांनी त्या दोन पक्षांना गलिव्हरमधलीच नावं दिली, बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. याहू हा शब्दही स्विफ्टचाच. चौथ्या सफरीतली घाणेरडी, हावरट, माणसासारखी दिसणारी जनावरं. आपल्यातल्या निम्म्यांचा पहिला ईमेल त्याच नावाचा होता! आणि तिसऱ्या सफरीत लगाडोच्या अकादमीत एक यंत्र आहे: चौकटीत शब्दांचे ठोकळे, चाळीस विद्यार्थी मुठी फिरवतात, शब्द उलटसुलट होतात, जिथे अर्थ लागेल तिथे ते लिहून घेतात, आणि अशी सर्व शास्त्रांची पुस्तकं बिनडोक माणसालाही लिहिता येतील असा प्राध्यापकाचा दावा. यावर मी काही बोलत नाही. हल्ली माझी नोकरी त्याच खात्यात आहे.

जानेवारी 1728 मध्ये स्टेला वारली. त्याच रात्री त्यानं तिच्याबद्दल लिहायला बसून आपला आवाज शक्य तितका शांत ठेवला. त्या वर्षांत आयर्लंडमध्ये पिकं बुडत होती, रस्ते भिकाऱ्यांनी भरले होते. 1729 मध्ये ते छोटं पत्रक आलं, ज्याला इंग्रजीत विनम्र प्रस्ताव म्हणतात.

बाईंनी पत्रक वाचून दाखवलं नाही. आधी फळ्यावर गणित मांडलं. आयर्लंडची लोकसंख्या 15 लाख. मुलं होण्याच्या वयातली जोडपी 2 लाख. त्यातली 30 हजार मुलांना पोसू शकतात, ती वजा. गर्भपात आणि वर्षाच्या आत दगावणारी मुलं यांचे 50 हजार वजा. गरिबांची मुलं उरली किती? गणितातल्या हुशार मंडळींनी (नावं घेत नाही, मेळाव्याला येणार आहेत) बाईंच्या आधी 1 लाख 20 हजार सांगितलं. त्यातली 20 हजार पैदाशीसाठी राखायची, हे बाई म्हणाल्या तेव्हा काही माना वर झाल्या. उरलेली 1 लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकायची, वाढवायचा खर्च 2 शिलिंग, किंमत 10. वर्ग गप्प झाला. मग कोणीतरी विचारलं, असा कायदा खरंच झाला होता का? बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत विचार करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटाकडचा भाग दाखवला. प्रस्ताव मांडणारा तिथे सांगतो की दुसरे उपाय माझ्यापुढे आणू नका, आणि मग त्या उपायांची यादी देतो: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, आपलंच कापड वापरणं, कुळांवर थोडी दया, दुकानदारांचा प्रामाणिकपणा. ही सगळी स्विफ्टचीच जुनी मागणी, वर्षानुवर्षं सरळ शब्दांत केलेली आणि कोणी न ऐकलेली. खरी गोष्ट त्यानं नाकारलेल्या यादीत ठेवली होती. मारेकरी म्हणून त्यानं राक्षस उभा केला नाही. हिशेबात पक्का, सभ्य, देशहित सांगणारा माणूस उभा केला.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी मदत योजनेसाठी सॉफ्टवेअर करत होतो. नोंदी जुळल्या नाहीत की लाभार्थी यादीतून आपोआप गळायचा. बैठकीत स्लाइडवर गळालेल्यांची टक्केवारी होती, अगदी लहान, आणि ती सगळ्यांना मान्य होती. मी टक्क्यांऐवजी माणसं किती ते विचारलं, आणि मग त्यांची वयं. निम्म्याहून अधिक साठीपुढचे निघाले, ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते. आपोआप गळणं थांबवून ती प्रकरणं माणसानं तपासायची असं ठरलं, त्यासाठी तीन आठवडे काम वाढलं आणि माझ्यावर थोडी चिडचिड झाली. तो प्रश्न मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवला नव्हता. बाई, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिलं.

स्विफ्टचा शेवट वाईट झाला. तरुणपणापासून त्याला चक्कर आणि बहिरेपणाचा आजार होता, ज्याला आता मेनियर्स म्हणतात. शेवटी वाचाही गेली. 1742 मध्ये तो स्वतःचा कारभार पाहू शकत नाही असं ठरवण्यात आलं. 19 ऑक्टोबर 1745 ला तो वारला. कॅथीड्रलमध्ये स्टेलाजवळच त्याला पुरलं. थडग्यावरचा लॅटिन मजकूर त्यानं स्वतःच लिहून ठेवला होता आणि त्यात आपल्या संतापाचा उल्लेख केला होता.

पैशाचाही हिशेब होता. हयातीत तो गरीब कारागिरांना बिनव्याजी छोटी कर्जं देत असे. सुमारे 12,000 पौंडांची बहुतेक मालमत्ता त्यानं मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवली. स्वतःच्या मृत्यूवरच्या कवितेत, या देशाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, असा टोलाही मारून ठेवला होता. रुग्णालय 1757 मध्ये सुरू झालं. डब्लिनमध्ये ते आजही चालू आहे.