एमिलीबाई हॉबहाउस

मी आज एका इंग्रज बाईंची माहिती लिहिली आहे. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले, म्हणून मला सगळे इंग्रज दुष्टच वाटायचे. पण या बाई परक्या मुलांसाठी आपल्याच सरकारशी भांडल्या.

एमिली हॉबहाउस यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडमधल्या एका खेड्यात झाला. वडील धर्मगुरू होते. बाई वीस वर्षांच्या असताना आई वारली. मग १८९५ मध्ये वडील वारले तोवर त्यांनी वडिलांची सेवा केली.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर लोकांची लढाई सुरू झाली. बोअर म्हणजे शेतकरी. त्यांच्या मुलखात सोन्याच्या खाणी होत्या. त्यांवर इंग्रजांचा डोळा होता. बोअर गनिमी काव्याने लढायचे. त्यांना दाणागोटा मिळू नये म्हणून इंग्रजांनी त्यांची घरे आणि पिके जाळली. बायकापोरांना तंबूंच्या छावण्यांत ठेवले. पकडलेले पुरुष जहाजाने सेंट हेलेना, सिलोन अशा लांबच्या मुलखांत पाठवले. काहींना तर आपल्या नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवले होते!

हे ऐकून एमिलीबाईंनी मदत गोळा केली आणि त्या एकट्याच जहाजाने निघाल्या. २४ जानेवारी १९०१ रोजी त्या ब्लोमफाँटेनच्या छावणीत पोचल्या. तिथे सुमारे २००० माणसं होती. त्यात ९०० हून जास्त मुलं होती. तंबू उन्हाने तापायचे. पाणी थोडं. ते उकळायला सरपण नाही. अंगाला साबणसुद्धा नाही. साबण ही चैन आहे असं तिथल्या साहेबांचं म्हणणं होतं. बाई त्यांच्याशी भांडल्या, तेव्हा थोडा थोडा साबण मिळू लागला.

छावण्यांत गोवराची साथ आली. पुष्कळ मुलं गेली. माझ्या आजीचा धाकटा भाऊ गोवरानेच गेला होता. त्याचं नाव काढलं की आजी अजून डोळ्याला पदर लावते. हे लिहिताना मला आजीच आठवत होती.

बाईंनी इंग्लंडला परत जाऊन सगळं छापून काढलं. तिथले पुष्कळ लोक त्यांच्यावर चिडले. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्या पुन्हा आफ्रिकेला गेल्या, तर त्यांना बंदरावर उतरूच दिलं नाही. शिपायांनी त्यांना उचलून दुसऱ्या जहाजात नेलं आणि परत पाठवलं. पण त्यांचं लिहिणं फुकट गेलं नाही. सरकारने बायकांची एक समिती छावण्या बघायला पाठवली. पुढे सुधारणा झाल्या आणि मरणारी मुलं कमी झाली.

मे १९०२ मध्ये लढाई संपली. तोवर छावण्यांत सुमारे २८००० बोअर मेले होते. त्यात २२००० मुलं होती. काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथेही १४००० हून जास्त माणसं मेली. त्या छावण्यांत बाई स्वतः गेल्या नव्हत्या. याचं मला वाईट वाटलं. पण १९१३ मध्ये मेलेल्या बायकामुलांचं स्मारक झालं, तेव्हा आपल्या भाषणात त्यांनी त्या लोकांचीही आठवण ठेवायला सांगितलं.

लढाईनंतर बाईंनी बोअर मुलींसाठी सूत कातण्याच्या आणि विणकामाच्या शाळा काढल्या. गांधीजी आफ्रिकेत सत्याग्रह करत होते, तेव्हा बाईंनी सरकारातल्या स्मट्स साहेबांना पत्र लिहून गांधीजींना मदत केली.

८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये त्या वारल्या. त्यांची रक्षा ब्लोमफाँटेनच्या त्याच स्मारकापाशी ठेवली आहे.

आमच्या शाळेत जेवणाआधी हात धुवायला साबण असतो. आम्ही तो उगाच पाण्यात घालून फेस करतो. आता मी तसं करणार नाही. अशा या थोर बाईंना माझा नमस्कार.

(इयत्ता चौथी)