स्फोटकाला वेसण घालणारे आल्फ्रेड नोबेल

दरवर्षी १० डिसेंबर रोजी स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे नोबेल पारितोषिके समारंभपूर्वक प्रदान केली जातात. हा दिवस आल्फ्रेड नोबेल यांचा स्मृतिदिन होय. पारितोषिकांच्या झगमगाटात त्यांचे मूळ कार्य मात्र काहीसे झाकोळले गेले आहे. हाताळणाऱ्याचाच घात करणाऱ्या एका द्रवाला वेसण घालणे, हे ते कार्य होते.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील इमॅन्युएल हे कल्पक अभियंते. परंतु त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. पुढे रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी बस्तान बसवले आणि १८४२ मध्ये कुटुंब तेथे नेले. आल्फ्रेड यांचे शिक्षण खासगी शिक्षकांकडे झाले. ऐन तारुण्यात ते पाच भाषा जाणत होते आणि रसायनशास्त्राइतकीच ओढ त्यांना साहित्याची होती.

त्या काळी खाणीत वा बोगद्यात सुरुंग उडवण्यासाठी काळी दारूच वापरली जाई. कोळसा, गंधक आणि सोरा यांचे हे मिश्रण वेगाने जळते, एवढेच. १८४७ मध्ये इटलीतील तुरीन येथे अस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्यात इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत सामावलेले असतात. त्यामुळे क्षणार्धात विघटन होऊन तप्त वायू निर्माण होतात आणि त्यांच्या आघाताने कातळ दुभंगतो. मात्र हा तेलकट द्रव साध्या धक्क्यानेही उडे. खुद्द सोब्रेरो यांना तो व्यवहारात आणणे धोक्याचे वाटले.

नोबेल यांनी ते आव्हान स्वीकारले आणि त्याची जबर किंमत मोजली. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. मृत्युमुखी पडलेल्यांत त्यांचा धाकटा भाऊ एमिलही होता. शहरात प्रयोगांना मनाई झाली, तेव्हा त्यांनी मेलारेन सरोवरातील एका तराफ्यावर काम चालू ठेवले. अखेर किसेलगुर या सच्छिद्र मातीत हा द्रव मुरवला, की तो लगद्यासारखा होतो आणि बराच निर्धोक राहतो, असे त्यांना आढळले. स्फोट घडवण्यासाठी त्यांनी स्वतंत्र टोपीही शोधली होती. १८६७ मध्ये या नव्या स्फोटकाचे त्यांनी एकस्व घेतले आणि त्याला डायनामाइट हे नाव दिले.

आल्प्स पर्वत पोखरून १८८२ मध्ये पूर्ण झालेला सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड रेल्वे बोगदा डायनामाइटच्या साहाय्यानेच खोदला गेला. खाणी, कालवे, बंदरे यांची कामे झपाट्याने होऊ लागली. नोबेल यांचे कारखाने वीसहून अधिक देशांत उभे राहिले.

परंतु कातळ फोडणारी ही शक्ती माणसांवर रोखली जाण्यास वेळ लागला नाही. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात डायनामाइट वापरले गेले. १८८७ मध्ये स्वतः नोबेल यांनी बॅलिस्टाइट ही बिनधुराची दारू तयार केली. तिचा उपयोग तोफा-बंदुकांसाठीच होता. शांततावादी लेखिका बेर्था फॉन झुटनर यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. शस्त्रे पुरेशी भयंकर झाली, की राष्ट्रे युद्धाचा नादच सोडतील, अशी नोबेल यांची धारणा होती. १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाने ती फोल ठरवली.

अविवाहित नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली आणि संपत्तीचा फार मोठा भाग पारितोषिकांसाठी ठेवला. उतारवयात हृदयविकारावर वैद्यांनी त्यांना जे औषध सुचवले, ते नायट्रोग्लिसरीनच होते. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. नातलगांचा विरोध ओलांडून १९०१ मध्ये पहिली पारितोषिके दिली गेली. १९०५ चे शांतता पारितोषिक बेर्था यांना मिळाले. द्रवाला वेसण घालणे नोबेल यांना साधले. त्याचा वापर करणाऱ्या माणसाला आवरणे त्यांच्या हाती नव्हते. ते काम त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपवले.