अंगणात आलेली शाळा

बेळगावात अंगणवाडीची पाटी बहुधा कन्नडमध्ये असते, पण शब्द ओळखीचाच वाटतो. ही कल्पना ज्यांच्या कामातून रुजली, त्या ताराबाई मोडक यांच्याविषयी मला लिहायचंय.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे संसार टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्या राजकोटला नोकरीला गेल्या आणि तिथून भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. मॉन्टेसरी पद्धत त्या तिथे शिकल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. नाव झालं होतं, शहरात मान होता.

तरी एक गोष्ट त्यांना टोचत होती. बालशिक्षण पोचत होतं ते खाऊनपिऊन सुखी घरांत. म्हणून १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. आता आपण काय केलं असतं? आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळे झालो असतो. ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, हातपाय धुवायचे, गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे. हे सगळं घरच्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं, त्यामुळे मुलांबरोबर आईलाही कळायचं की बाळाशी खेळणं हेही शिकवणंच आहे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथे मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकलेल्या. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आजही सेविका घरोघरी जाऊन आयांशी बोलतात.

आपल्यापैकी बरेच जण वस्तीत सर्वेक्षणाला जातात. मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न आपण आईला विचारतो. ताराबाईंनी तो आधी शाळेला विचारला होता. मला वाटतं, पुढच्या वेळी आपणही तिथूनच सुरुवात करावी.