विल्यम जेम्स वॉन्लेस

सर विल्यम जेम्स वॉन्लेस (१ मे १८६५ – ३ मार्च १९३३) हे मिरज येथे कार्य केलेले कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक व रुग्णालय-संस्थापक होते. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे वैद्यकीय मिशनरी म्हणून ते भारतात आले. सांगली-मिरज परिसराची वैद्यकीय केंद्र म्हणून जी ओळख आहे, तिचा पाया त्यांच्या कार्याने घातला गेला.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म ओंटारिओ प्रांतातील चार्ल्स्टन येथे झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. मेरी या परिचारिका होत्या. आरंभी त्यांनी सांगली येथे दवाखाना चालविला.

मिरजेतील कार्य

पुणे, बेळगाव व कोल्हापूर या बाजूंचे लोहमार्ग मिरजेत मिळत असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत. मिरज संस्थानाने दिलेली जागा आणि फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांचे अर्थसाहाय्य यांतून १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदू व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी वॉन्लेस यांचा लौकिक पसरला. कोल्हापूरच्या राजघराण्यापासून खेड्यातील शेतकऱ्यापर्यंत सर्व थरांतील रुग्ण त्यांच्याकडे येत.

रुग्णांची संख्या वाढत गेली, तसे एकट्या शल्यचिकित्सकाचे कौशल्य अपुरे ठरू लागले. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय विद्यालय सुरू केले. तेथे शिकलेले भारतीय डॉक्टर पुढे देशातील अनेक मिशन रुग्णालयांत काम करू लागले. परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम आणि क्षयरुग्णांसाठी मिरज-सांगली मार्गावर आरोग्यधाम उभारण्यात आले. आरोग्यधामाचा परिसर आज वानलेसवाडी म्हणून ओळखला जातो. अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या जोडीला निधी, इमारती, शिक्षण व मनुष्यबळ यांचे नियोजन हा त्यांच्या कामाचा मोठा भाग बनला.

सन्मान व अखेरचा काळ

ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक व १९२८ मध्ये 'सर' हा किताब दिला. त्याच वर्षी, सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर, त्यांनी मिरज सोडली. भारतातील अनुभवांवर त्यांनी इंग्रजीत आत्मकथनपर पुस्तक लिहिले. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

संस्थापक गेल्यावरही संस्थेचे काम थांबले नाही. त्यांनी घडविलेल्या सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी ते पुढे नेले. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा आरंभीच्या काळात या रुग्णालयाचा त्याला आधार मिळाला. रुग्णालयास आज वॉन्लेस यांचेच नाव आहे.