मैहरचे बाबा

ऑर्केस्ट्रा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलनाची रात्र उभी राहते. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, चमचमते शर्ट आणि मागच्या बाकांवरच्या शिट्ट्या! गेल्या वर्षी या वाद्यवृंदाचा मी चिटणीस होतो. निवडीच्या दिवशी प्रथम वर्षाचा, वसतिगृहात राहणारा एक मुलगा आला. काय वाजवतोस, असे विचारल्यावर तो गप्पच राहिला. त्याला काहीच वाजवता येत नव्हते, शिकायचे मात्र होते. आमच्या हाती दिवस थोडे होते. मी त्याला परत पाठवले आणि तासाभरात विसरूनही गेलो.

तो मला पुन्हा आठवला तो उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याविषयी वाचताना. पंडित रविशंकरांचे गुरू, एवढीच तोवर माझी त्यांच्याविषयीची माहिती होती. अनाथ मुलांना हाताशी धरून त्यांनी शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद उभा केला, हे वाचले आणि मी चमकलो.

त्यांचा जन्म पूर्व बंगालमधील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, शिवपूर या खेड्यात झाला. जन्मसाल कोणी १८६२ सांगतात, कोणी १८८१. गाण्याच्या वेडापायी हा मुलगा लहानपणीच घरातून पळाला. कलकत्त्यात ओळखीचे कोणी नाही, खिशात पैसा नाही. अन्नछत्रात जेवावे आणि मिळेल त्या आडोशाला झोपावे, असे दिवस त्याने काढले. पुढे नुलो गोपाल या गवयांनी त्याला जवळ केले. त्यांच्याकडे त्याने वर्षानुवर्षे केवळ सरगम घोटली. गुरू प्लेगने गेले, तेव्हा त्याने गाणे सोडले आणि वाद्यांकडे मोर्चा वळवला. विवेकानंदांचे नातलग अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त यांच्याकडे तो अनेक वाद्ये शिकला. लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांनी त्याला पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकवले. त्या मैहरच्या वाद्यवृंदाला आपल्या गोव्याचाही असा हात लागला आहे!

नंतर अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद, आणि शेवटी रामपूरचे वझीर खाँ. हे तानसेनाच्या परंपरेतले मोठे बीनकार. त्यांच्या दारात कोणालाही सहज प्रवेश नव्हता. तेव्हा हा तरुण थेट रामपूरच्या नवाबांच्या गाडीपुढे आडवा झाला, असे सांगतात. नवाबांच्या शब्दामुळे वझीर खाँनी त्याला शिष्य केले खरे, पण विद्या हाती पडण्यासाठी आणखी कितीतरी वर्षे वाट पाहावी लागली. बंद दार म्हणजे काय, हे अल्लाउद्दीन खाँना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९१८ साली ते मैहर संस्थानात आले. कटनी आणि सतना यांच्या दरम्यानचे हे लहानसे गाव डोंगरावरच्या शारदादेवीमुळे प्रसिद्ध आहे. राजे ब्रिजनाथसिंह त्यांचे शिष्य झाले. तो काळ साथीच्या रोगांचा होता. घरेच्या घरे ओस पडली आणि पोरकी मुले गावात भटकू लागली. बाबांनी ही मुले गोळा केली आणि राजांच्या आश्रयाने त्यांना वाद्ये शिकवायला सुरुवात केली. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, ती मुले सरगम तोंडपाठ करू लागली. सतार, सरोद, इसराज, तबला यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम आली. मांडणी बँडची, पण राग आणि ताल आपले. वाद्य कमी पडले तर बाबा नवे घडवत. जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग बनवला. ज्या नळीतून गोळी सुटायची तिच्यातून आता सूर निघू लागला. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला मैहर बँड. उद्या काय खायचे याची ज्यांना शाश्वती नव्हती, त्यांच्या हाती त्याने विद्याही दिली आणि उपजीविकाही.

बाबांना देवमाणूस करून मला मोकळे व्हायचे नाही. ते विलक्षण तापट होते. शिष्यांना तर त्यांनी झोडपलेच, पण मुलगा अली अकबर यांनीही त्यांचा बेदम मार खाल्ला. आज आपण ते शिक्षण म्हणणार नाही. मुलीच्या बाबतीतही ते एकदा कचरले. थोरल्या मुलीला त्यांनी गाणे शिकवले होते. सासरी त्यापायी तिचा फार छळ झाला. त्या धक्क्याने धाकटीला शिकवायचेच नाही असे त्यांनी ठरवले. पण ही पोर नुसते ऐकून शिकत होती. भावाची चूक ती सुधारताना बाबांच्या कानी पडली आणि त्यांनी आपला निश्चय मोडला. या अन्नपूर्णादेवी. त्यांनी पुढे मुंबईत राहून हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

रविशंकर, निखिल बॅनर्जी, पन्नालाल घोष असे एकेक शिष्य जगाला देऊनही बाबा मैहर सोडून गेले नाहीत. १९३५ साली उदय शंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर ते परदेशी गेले, तसेच परतलेही. नमाज चुकवायची नाही आणि शारदामाईवरची भक्तीही सोडायची नाही, हा त्यांचा सहज धर्म होता. १९७१ साली पद्मविभूषण मिळाले आणि ६ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी मैहरमध्येच देह ठेवला. त्यांचा वाद्यवृंद मात्र त्यांच्यामागेही वाजत राहिला.

समाज बदलण्यासाठी बाबांनी कधी व्यासपीठावरून भाषण केल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांनी एवढेच केले की, मूल दाराशी आल्यावर तुला काय येते, हे विचारले नाही. शास्त्रीय संगीत ही खानदानी माणसांची मिरास, असे मानणाऱ्या काळात त्यांनी ती विद्या ज्यांचे कोणीच उरले नव्हते त्यांच्या हाती ठेवली.

तो वसतिगृहातला मुलगा आता द्वितीय वर्षाला आहे. ग्रंथालयात दिसतो, ओळखीचे हसतो. यंदाच्या तालमी दिवाळीनंतर सुरू होतील. त्याला बोलवायचे मी ठरवले आहे. मधली वर्षभराची दिरंगाई मात्र त्याला कशी समजावून सांगावी, ते अजून सुचलेले नाही.