ईमन डी व्हॅलेरा

आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या ईमन डी व्हॅलेरा यांचा जन्म आयर्लंडात झाला नव्हता. १४ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी ते जन्मले. आई आयरिश, वडील स्पॅनिश वंशाचे. पित्याचे छत्र लवकरच हरपले, आणि अडीच वर्षांच्या या बालकाला मामाबरोबर आयर्लंडात आजोळी धाडण्यात आले. ब्रुरी नावाच्या खेड्यात आजीने त्यांचा सांभाळ केला. पुढे कित्येक मैल पायी चालून ते शाळेत जात. शिष्यवृत्तीच्या बळावर ते शिकले व गणिताचे शिक्षक झाले.

त्या काळी आयर्लंडवर इंग्रजांची सत्ता होती. आयरिश भाषाही मागे पडत चालली होती. १९०८ साली डी व्हॅलेरा ती भाषा शिकू लागले आणि तिच्या प्रेमातूनच स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले. १९१६ च्या ईस्टर सणात डब्लिन शहरात क्रांतिकारकांनी उठाव केला, तेव्हा एका तुकडीचे ते नायक होते. आठवडाभरातच उठाव मोडला. सरकारने १५ जणांना गोळ्या घातल्या. डी व्हॅलेरांनाही देहान्ताची शिक्षा झाली होती. परंतु ती जन्मठेपेवर आली. १९१७ साली त्यांची सुटका झाली. पण पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा पकडून इंग्लंडातील लिंकनच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

तेथे एक मोठी युक्ती घडली. तुरुंगातील प्रार्थनामंदिरात डी व्हॅलेरा धर्मगुरूंना पूजेत साहाय्य करीत. धर्मगुरूंची किल्ली त्यांच्या दृष्टीस पडली. जळून उरलेल्या मेणबत्त्यांच्या मेणावर त्यांनी तिचा ठसा घेतला. किल्लीचे चित्र नाताळच्या एका विनोदी भेटपत्रावर काढून बाहेर पाठविण्यात आले. मित्रांनी केकमध्ये दडवून किल्ल्या धाडल्या. पण त्या लागेनात. शेवटी केकमधून कोरी किल्ली व कानस आली, आणि एका कैद्याने आतच किल्ली घडविली. ३ फेब्रुवारी १९१९ च्या रात्री मायकेल कॉलिन्स व हॅरी बोलंड हे मित्र बाहेर फाटकाशी उभे होते. कॉलिन्सने बाहेरून आपली किल्ली फिरविली, ती कुलपातच मोडली! डी व्हॅलेरांनी आतून आपल्या किल्लीने तो तुकडा ढकलून पाडला, आणि फाटक उघडले.

त्याच वर्षी आयरिश लोकसभेने त्यांना अध्यक्ष निवडले. नंतर ते अमेरिकेत गेले. १९२० साली न्यूयॉर्क येथील भाषणात त्यांनी भारताच्या स्वातंत्र्याचाही कैवार घेतला.

१९२१ च्या अखेरीस इंग्लंडशी तह झाला. डी व्हॅलेरा वाटाघाटींस स्वतः गेले नाहीत, कॉलिन्स गेले. तहाने स्वराज्य मिळाले. पण सभासदांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती, आणि उत्तरेकडील सहा परगणे वेगळेच राहिले. डी व्हॅलेरांना हे मान्य नव्हते. लोकसभेत ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह संमत झाला. तो निर्णय त्यांनी मानला नाही, आणि १९२२ साली यादवी युद्ध पेटले. बोलंड तहाच्या विरुद्ध, तर कॉलिन्स तहाच्या बाजूचे. ऑगस्ट १९२२ मध्ये, एकाच महिन्यात, दोघेही मारले गेले.

पुढे डी व्हॅलेरांनी निवडणुकीचा मार्ग धरला. १९३२ साली ते सरकारचे प्रमुख झाले. १९३७ साली त्यांनी नवी राज्यघटना दिली. १९४८ साली ते भारतात येऊन गेले. १९५९ ते १९७३ पर्यंत ते राष्ट्राध्यक्ष होते. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. २९ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते निवर्तले. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. कॉलिन्स व बोलंड यांच्याही कबरी तेथेच आहेत.