तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी



बारावीचे निकाल लागले की चर्चच्या ऑफिसात पालकांची ये-जा वाढते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला आशीर्वाद, तर कुणाला नुसते मन मोकळे करायचे असते. मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे ही अनेकांची इच्छा असते. कधी कधी तिशीतला एखादा तरुणही येतो. नोकरी चांगली असते, पगार वेळेवर होतो, पण मन लागत नाही. हे सोडून दुसरे काही करायचे आहे, घरी कसे सांगू, असा त्याचा प्रश्न असतो. या दोघांसाठी आज मी एका माणसाचे चरित्र सांगणार आहे. त्यांचे नाव डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1875 रोजी अल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग या गावी झाला. हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा तो जर्मनीच्या ताब्यात होता. वडील लूथरन पंथाचे पाळक होते. अल्बर्ट काही महिन्यांचे असतानाच हे कुटुंब गुन्सबाख या खेड्यात राहायला गेले. तेथील चर्चची गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गावात कॅथॉलिक कुटुंबे मोजकीच होती. एकाच इमारतीत कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट आळीपाळीने उपासना करीत. वडिलांचे प्रवचन चालू असताना लहानगा अल्बर्ट कॅथॉलिकांच्या सोनेरी वेदीकडे आणि उंच मेणबत्त्यांकडे टक लावून पाहत बसे. दोन पंथांनी एका छपराखाली देवाची भक्ती करावी, याचे संस्कार त्यांच्या मनावर आयुष्यभर राहिले.

हा मुलगा हळव्या मनाचा होता. आई रात्रीची प्रार्थना म्हणवून गेली की तो पुन्हा एक प्रार्थना गुपचूप करीत असे, सर्व प्राणिमात्रांसाठी. माणसांसाठीच प्रार्थना का करायची, हे त्याला उमगत नव्हते. प्रायश्चित्तकाळातल्या एका सकाळी मित्राबरोबर तो गलोल घेऊन पाखरे मारायला गेला. नेम धरला आणि त्याच क्षणी चर्चची घंटा वाजू लागली. त्याने गलोल टाकली, पाखरांना हुसकावून लावले आणि घर गाठले.

पुढे स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात त्यांनी ईशज्ञान आणि तत्त्वज्ञान असे दोन्ही विषय घेतले. 1899 साली कान्ट या तत्त्ववेत्त्याच्या धर्मविचारावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. सेमिनरीत कान्ट आमच्याही वाट्याला आला होता. त्याची चार पाने वाचताना आम्हाला घाम फुटे. श्वाइट्झर मात्र त्याच काळात चर्चमध्ये प्रवचने देत होते, पॅरिसला जाऊन विडोर या नामांकित वादकाकडे ऑर्गन शिकत होते आणि बाख या संगीतकारावर ग्रंथ लिहिण्याच्या तयारीला लागले होते. 1903 मध्ये ते स्ट्रासबर्गच्या ईशज्ञान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे प्रमुख झाले. वय अवघे अठ्ठावीस. राहायला घर, मान, नाव, सगळे होते.

पण एक गोष्ट त्यांनी आतल्या आत जपून ठेवली होती. 1896 सालच्या पेन्टेकॉस्टच्या सुटीत ते गुन्सबाखला घरी आले होते. एका सकाळी जाग आली, बाहेर पाखरे गात होती. आपण किती सुखी आहोत, हा विचार मनात आला आणि त्यामागून दुसरा आला की हे सुख फुकट घेण्याचा आपल्याला काय अधिकार? अंथरुणातून उठण्यापूर्वीच त्यांनी ठरवले की तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि संगीत यांसाठी जगायचे आणि त्यानंतर प्रत्यक्ष माणसांच्या सेवेसाठी. जो आपला जीव गमावतो तोच तो वाचवतो, या प्रभू येशूच्या शिकवणुकीचा अर्थ ते बरेच दिवस शोधत होते. त्या सकाळी तो आपल्यापुरता सापडला, असे त्यांना वाटले.

सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. निराधार मुलांना सांभाळण्याची त्यांनी तयारी दाखवली, पण संस्थांचे नियम आड आले. भटक्यांसाठी आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी त्यांनी काम करून पाहिले. मन स्थिर होईना. अशी आठ वर्षे गेली. पाचारण म्हणजे आकाशातून आवाज येणे, अशी आपली समजूत असते. यांच्या बाबतीत 1904 च्या शरद ऋतूत टेबलावर एक मासिक येऊन पडले. ते पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशन संस्थेचे होते. कामाची घाई होती म्हणून ते बाजूला सारताना त्यांनी सहज उघडले. आफ्रिकेतील गॅबन भागात मिशनला माणसे हवी आहेत, असा लेख त्यात होता. तो वाचून त्यांनी मासिक मिटले आणि शांतपणे आपल्या कामाला लागले. शोध संपला होता.

आता प्रश्न असा की पाळक म्हणूनच का गेले नाहीत? डॉक्टर का व्हायचे? एक कारण उघड होते. त्या भागात डॉक्टर नव्हता आणि माणसे साध्या आजारांनीही मरत होती. दुसरे कारण मला स्वतःला विचार करायला लावते. गेली कित्येक वर्षे आपण प्रेमाच्या धर्माविषयी बोलत आलो, शिकवत आलो, आता न बोलता तो धर्म हातांनी करायचा आहे, असे त्यांना वाटत होते. दर रविवारी वेदीजवळ उभे राहून बोलणे हे माझे काम आहे. त्यामुळे हे वाक्य लिहिताना माझाही हात थोडा थांबतो.

13 ऑक्टोबर 1905 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आईवडिलांना आणि जवळच्या मित्रांना लिहिलेली पत्रे टपालपेटीत टाकली. येत्या सत्रापासून वैद्यकीय शिक्षण घेणार आणि पुढे आफ्रिकेत जाणार, असे त्यांत कळवले होते. मग जे व्हायचे तेच झाले. आप्तेष्ट नाराज झाले. आधी आम्हाला का विचारले नाही, असे मित्र म्हणू लागले. देवाने दिलेली बुद्धी आणि कला मातीत घालतोस, असे कुणी म्हटले. सेनापतीने बंदूक घेऊन शिपायांच्या रांगेत उभे राहावे तसे हे आहे, अशी तक्रार गुरू विडोर यांनी केली. आफ्रिकेसाठी व्याख्याने देऊन पैसे गोळा कर, जायला कशाला हवे, असाही सल्ला मिळाला. प्रेमभंग झाला असेल, अशी कुजबूजही झाली. येशूच्या शब्दाखातर कुणी असे वागू शकतो, हे खुद्द ख्रिस्ती माणसांनाच पटेना, याचे त्यांना सर्वात जास्त दुःख झाले.

वैद्यकीय विभागाच्या प्रमुखांकडे ते नाव घालायला गेले तेव्हा त्या गृहस्थांना वाटले, याला मानसोपचाराच्या प्राध्यापकांकडेच पाठवावे. शिवाय नियमाची अडचण होती. जो विद्यापीठात शिकवतो त्याला विद्यार्थी म्हणून दाखल करता येत नव्हते. शेवटी सरकारने त्यातून वाट काढली. प्राध्यापकांनी हजेरीचा दाखला द्यावा आणि त्यावर परीक्षेला बसू द्यावे, असे ठरले. सहकारी प्राध्यापकांनी शिकवण्याची फी घेतली नाही.

आणि मग तीस वर्षांचा हा विद्वान विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. शरीररचना, रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सगळे पहिल्यापासून. 1906 मध्ये वसतिगृहाचे प्रमुखपद आणि त्याबरोबरचे घर सोडावे लागले. शिकवणे, रविवारची प्रवचने आणि ऑर्गनचे कार्यक्रम मात्र चालूच होते. थकव्याशी झगडण्यातच ही वर्षे गेली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पाठांतर आता विशीतल्यासारखे होत नव्हते. शेवटच्या परीक्षेची फी त्यांनी म्युनिकच्या एका संगीत महोत्सवात ऑर्गन वाजवून भरली. डिसेंबर 1911 मध्ये ती परीक्षा संपली. त्यानंतर रुग्णालयातील उमेदवारीचे वर्ष, पॅरिसला उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास आणि पदवीसाठी प्रबंध. एकूण सात वर्षांहून अधिक काळ गेला. जून 1912 मध्ये हेलेन ब्रेसलाऊ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आफ्रिकेतील कामासाठी त्यांनी नर्सिंगचे शिक्षण घेतले होते.

एवढे होऊनही मिशन संस्था त्यांना घ्यायला तयार नव्हती! येशूच्या जीवनाविषयी त्यांनी लिहिलेले विचार संस्थेतील काहींना मान्य नव्हते. आपण कॅथॉलिकांनाही त्यांतील बरेच मान्य होण्यासारखे नाही, हे मी स्पष्ट सांगतो. श्वाइट्झर यांनी समितीच्या सभासदांच्या घरी जाऊन एकेकाची भेट घेतली. मी फक्त डॉक्टर म्हणून काम करीन, धर्माविषयी तोंड उघडणार नाही, असे वचन दिले. खर्चही स्वतःच उभा केला. मित्रांच्या दारात जाऊन मदत मागितली, ऑर्गनचे कार्यक्रम केले. 1913 च्या गुड फ्रायडेला, 21 मार्च रोजी, पतीपत्नीने गुन्सबाख सोडले. सोबत औषधांची आणि सामानाची 70 खोकी होती.

16 एप्रिल रोजी ते ओगोवे नदीच्या काठी लांबारेने येथे पोहोचले. राहायला घर होते, पण दवाखाना नव्हता. रोगी तर होड्यांतून येऊ लागले. तेव्हा तेथील कोंबड्यांचे जुने खुराडे साफ करून, चुना लावून त्यांनी त्यात दवाखाना सुरू केला. हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोग, आमांश, चिघळलेले व्रण, अडकलेला हर्निया. पहिल्या नऊ महिन्यांत जवळजवळ 2000 रोगी आले. असह्य वेदनेने तळमळणारा रोगी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येई, दुखणे थांबलेले पाहून चकित होई आणि डॉक्टरांचा हात चाचपून घट्ट धरून ठेवी. मग डॉक्टर त्याला सांगत की आम्हाला येथे येण्याची आज्ञा प्रभू येशूने दिली आहे. हे बोलण्याचा हक्क त्यांना हातांनी केलेल्या कामाने मिळाला होता. पुढे तेथील मिशनरींनीही त्यांना वचनातून मोकळे केले आणि प्रवचन देण्याची विनंती केली.

पण ही सुखाची गोष्ट नाही. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले. जर्मन नागरिक म्हणून त्या दोघांवर पहारा बसला आणि 1917 मध्ये त्यांना फ्रान्समधील छावणीत नेण्यात आले. 1916 मध्ये लष्कराच्या घोड्यांखाली सापडून आईचा मृत्यू झाला. मुलगा हजारो मैल दूर होता. 1919 मध्ये मुलगी रेना जन्मली. 1924 मध्ये ते पुन्हा लांबारेनेला गेले तेव्हा प्रकृती ठीक नसल्यामुळे हेलेन मुलीसह मागे राहिल्या. मुलीचे बालपण बरेचसे वडिलांवाचून गेले. त्यागाचा हिशेब मांडताना घरच्यांनी भरलेला वाटा आपण विसरतो, तो विसरू नये. आफ्रिकेतील लोकांना ते धाकट्या भावासारखे वागवत, बरोबरीच्या भावासारखे नव्हे, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि तिच्यात तथ्य आहे. देव अपुऱ्या माणसांकडूनच काम करून घेतो.

मोडलेला दवाखाना त्यांनी पुन्हा उभा केला, नंतर नदीच्या वरच्या अंगाला नव्याने बांधला. स्वतः लाकडे वाहिली, मजुरांवर देखरेख केली. 1952 सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी लावली. 4 सप्टेंबर 1965 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लांबारेनेलाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. मराठीत सुमती देवस्थळी यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. मिळाल्यास जरूर वाचावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. श्वाइट्झर यांच्याकडे पुढे अनेक तरुण सल्ला मागायला येत. सगळे सोडून या, असे ते सरसकट सांगत नसत. नुसत्या अस्वस्थपणामुळे किंवा काही तरी मोठे करायचे म्हणून निघालेल्यांना ते परत पाठवत. जो हातातले साधे काम मनापासून करतो त्यालाच दुसरी वाट धरण्याचा अधिकार आहे, असे त्यांचे मत होते. ते स्वतः प्रवचनाला कंटाळून निघाले नव्हते. नऊ वर्षे थांबून, आपली प्रकृती, पैसा आणि चिकाटी यांचा अंदाज घेऊन निघाले होते.

तेव्हा पालकांनो, मूल डॉक्टर व्हावे ही इच्छा चांगलीच आहे. पण कोणासाठी डॉक्टर, हा प्रश्न घरात एकदा तरी निघू द्या. आणि वेगळी वाट धरू पाहणाऱ्या माझ्या तरुण मित्रा, घरी सांगायला घाबरू नकोस. मात्र त्याआधी स्वतःला एवढेच विचार की सोडायचे काय, हे मला माहीत आहे. पण ज्या बाकावर पुन्हा पहिल्यापासून बसायचे आहे, तो बाक मला चालेल का? उत्तर होय असेल, तर उशीर झालेला नाही. ऑफिसात ये, आपण मिळून प्रार्थना करू.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू